दोन जावा आणि एक अपडेट

"दोन मिनिटांचं काम आहे, वहिनी," असं धाकटा म्हणाला आणि तिथेच सगळं बिघडलं. (मोबाइलची ॲप्स बनवणाऱ्या माणसाची दोन मिनिटं कशी असतात ते त्याच्या बायकोला विचारा. ती एकदा अशी दोन मिनिटं नटूनथटून दारात उभी होती. शेवटी चपला काढून आत येऊन जेवून घेतलं बिचारीनं.)

घर एक, भाऊ दोन. थोरला पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला. धाकट्याची बायको दवाखान्यात एक्स-रे काढते. थोरली मात्र घरातच, पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून लोकांचे कपडे दुरुस्त करते. उंची कमी, कंबर सैल, चेन बदल, हे तिचं काम. आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडून धाकटा बसतो. त्याच्या मिटिंगमध्ये वहिनीच्या मशीनची खडखड इतकी बेमालूम मिसळलेली असते, की ऑफिसातल्या निम्म्या लोकांना हा एखाद्या कारखान्यात राहतो असं वाटतं.

वहिनीसाठी धाकट्यानं हौसेनं एक ॲप करून दिलं होतं. आलेल्या कपड्याचा फोटो काढायचा, कुणाचा आहे आणि काय करायचंय ते बोलायचं, की ॲप ते लिहून ठेवणार. वहिनी येईल त्या गिऱ्हाइकाला फोन दाखवून "आमच्या भावजींनी केलंय" म्हणून सांगायची आणि गिऱ्हाइकही घाबरून "वा वा" म्हणायचं.

अलीकडे वहिनीच्या चष्म्याचा नंबर वाढला. त्या शनिवारी सकाळी ती म्हणाली, "भावजी, यातली अक्षरं जरा मोठी करता येतील का? कंबर लिहिलंय की कॉलर, पटकन कळत नाही. परवा एका आजोबांची कॉलर मी दोन बोटं सैल करून ठेवली."

यावर धाकटा ते दोन मिनिटांचं वाक्य बोलला. बोलून कॉम्प्युटर उघडला, तर कोपऱ्यात एक चौकोन उघडझाप करत होता. ॲप बनवायच्या हत्यारांची नवी आवृत्ती आली आहे, घ्याल का? हा चौकोन गेले कित्येक महिने येत होता आणि धाकटा त्याच्याकडे, रस्त्यात भेटलेल्या विमा एजंटाकडे पाहावं तसं न पाहिल्यासारखं करत होता. पण त्या दिवशी त्याला काय सुबुद्धी सुचली कोण जाणे. हात लावलाच आहे तर आधी अपडेट मारून घेऊ, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. नवं ॲप टाकायला जागा स्वच्छ हवी म्हणून गड्यानं वहिनीच्या फोनमधलं जुनं ॲप काढूनही टाकलं. (आतल्या सगळ्या नोंदी आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. एवढी अक्कल होती, हे नमूद केलं पाहिजे.)

अपडेट झालं आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत लाल अक्षरं उमटली. कालपर्यंत मुकाट चालणारं ॲप आज तयारच होईना. धाकट्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग तात्पुरत्या फायली उडवल्या. मग हत्यारं काढून पुन्हा टाकली. मग पंखा मोठा केला. लाल अक्षरं वाढतच गेली. आणि संध्याकाळी गिऱ्हाइकं कपडे न्यायला येणार होती. पलंगावर काळ्या पँटींचा ढीग पडला होता, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा, आणि उतरवलेल्या नोंदी ॲपशिवाय वाचता येत नव्हत्या, आणि कुठली कुणाची हे सांगणारं ॲप आता जगात नव्हतं.

शेवटी त्यानं ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. या मित्राला सगळे गुरू म्हणतात, कारण तो प्रत्येक दुखण्यावर एकच औषध सांगतो आणि ते बहुधा लागू पडतं. फोन कानाला लावून धाकटा व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागला. मागे खिडकी उघडी होती, आणि खिडकीशी वहिनी बसली होती, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"हो रे," धाकटा म्हणत होता, "दोन जावा आहेत ना, तेच दुखणं आहे. एक जुनी, एक नवी. दोघींचं एकमेकींशी पटत नाही... जुनी काढून टाकू म्हणतोस? मलाही तेच वाटतंय. किती दिवस ठेवायची... हो, तिचं होमसुद्धा काढून टाकतो. नाहीतर सगळं फिरून तिच्याकडेच जातं... नवी ना? नवी काय, नुसती जागा खाते. पण करतो काय, गळ्यात मारलीय."

मागची खडखड थांबली. धाकट्याला बरं वाटलं. आता जरा नीट ऐकू येत होतं.

वाचकहो, जावा नावाची एक भाषा कॉम्प्युटरला कळते, तिच्याशिवाय ही ॲपं तयार होत नाहीत, आणि ती कॉम्प्युटरमध्ये कुठे राहते त्या जागेला जावा होम म्हणतात, हे तुम्हाला मी आत्ता सांगितलं. थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं. तिला जावा म्हणजे एकच ठाऊक, आणि तशा या घरात बरोबर दोन होत्या. एक जुनी, एक नवी.

धाकटा आत येऊन कॉम्प्युटरला भिडला. जरा वेळानं वहिनी शेजारी येऊन उभी राहिली. आवाज अगदी शांत होता.

"भावजी, जुनी गेली की सगळं सुरळीत होईल ना?"

धाकट्याला भरून आलं. आपल्या कामात वहिनी इतकं लक्ष घालतात, हे त्याला माहीतच नव्हतं. "व्हायलाच पाहिजे, वहिनी. जुनीनं खूप वर्षं केलं, नाही म्हणत नाही. पण आता नवीन गोष्टी तिला झेपत नाहीत."

"सगळीकडे असंच करतात का?"

"हल्ली कुणी ठेवतच नाही जुनी. आमच्या गुरूनं तर कधीच काढली."

"आणि माझं? माझ्या कपड्यांचं काय?"

"त्याची काळजीच सोडा. तुमचं सगळं मी सकाळीच बाजूला काढून, बांधून ठेवलंय. एक चिंधी हरवायची नाही."

वहिनी "बरं" म्हणून गेली. धाकट्यानं उत्साहानं जुनी जावा काढून टाकली. लाल अक्षरं आणखी लाल झाली. आता कॉम्प्युटर नवीकडेही बघेना आणि जुनीचं घर शोधत चकरा मारत बसला. वैतागून त्यानं डोकं वर केलं, तर समोर बायको उभी. दवाखान्यातून येऊन तिनं अजून पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती.

"तू ताईंना काय म्हणालास?"

"मी? काही नाही. त्याच विचारत होत्या, मी सांगत होतो."

"ताई आत बॅग भरतायत. मशीनवर कव्हर घातलंय, कात्र्या फडक्यात गुंडाळल्यात. भावाकडे जाते म्हणाल्या, कायमची." तिनं पर्स आता ठेवली, जरा जोरातच. "आणि मी नुसती जागा खाते काय? गळ्यात मारलीय काय मला?"

धाकट्याच्या डोक्यात काही शिरेपर्यंत थोरला पंपावरून घरी आला. त्यानं दारातली बॅग पाहिली, डोळे पुसणारी बायको पाहिली आणि भावाकडे पाहिलं. थोरला मुळात कमी बोलतो. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "सांग."

"दादा, अरे जावा ही भाषा आहे," धाकटा म्हणाला.

"भाषा आम्हालाही कळते, भावजी," थोरली दारातून म्हणाली.

"तसं नाही वहिनी. जावा म्हणजे या दोन जावा नाहीत. त्या दोन जावा या इथे, आत..." असं म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर थाप मारली. यानं कुणाच्याही ज्ञानात भर पडली नाही. आणि नेमका त्याच वेळी गुरूचा फोन आला. घाईघाईत धाकट्याचं बोट स्पीकरवर पडलं.

"काय रे," गुरूचा खणखणीत आवाज खोलीभर पसरला, "गेली का जुनी?"

धाकटा स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागला.

"हॅलो? हे बघ, मन घट्ट कर. माझ्याकडे एका वेळी तीन-तीन होत्या, डोक्याला ताप नुसता. आता मी एकच ठेवतो. नवी आली की पहिली बाहेर."

थोरली डोळे पुसायची थांबली. "याचं लग्न झालंय?" तिनं विचारलं.

"कोण बोलतंय?" गुरू म्हणाला.

"जुनी," थोरली म्हणाली.

गुरूनं फोन ठेवला नाही. इकडे धाकटी मात्र पुढे होऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाकली होती. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या आतलं पाहायची सवय तिला. लाल ओळींवरून बोट फिरवत ती एका शब्दापाशी थांबली, तो शब्द तिनं मोठ्यानं वाचला, आणि पँटींच्या ढिगावर बसून पोट धरून हसायला लागली. "ताई, अहो खरंच भाषा आहे. कॉम्प्युटरची. तिचं नावच जावा आहे."

"नाव ठेवणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही?"

"त्यांच्या घरी नसतील जावा," थोरला म्हणाला. 'सांग'नंतरचं हे त्याचं पहिलंच वाक्य.

थोरलीही हसली, पण हसता हसता खाली बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "पण मला ते लगेच खरं वाटलं, भावजी. माझ्या मशीनमुळे तुम्हाला मिटिंगमध्ये काही ऐकू येत नाही, ते मला दिसतं. परवा एका कानावर उशी धरून बोलत होतात तुम्ही. मला वाटलं, या माणसानं एवढं सोसलं, आता बोलला तर त्यात त्याचं काय चुकलं."

धाकट्यानं कीबोर्ड बाजूला सारला. तो कॉलेजात असताना ही वहिनी घरात आली. त्याच्या पहिल्या मुलाखतीचा शर्ट आदल्या दिवशी बाह्या लांब करून तिनंच शिवला होता, आणि नोकरी शर्टामुळे लागली असं ती अजून सांगते. (तो मुलाखतीत काय बोलला होता ते आठवता, तिचं बरोबर असावं.)

"वहिनी," तो म्हणाला, "तुमची मशीन दुपारी बंद पडली ना, तेव्हापासून माझं एक काम धड झालेलं नाही. खोली कशी खायला उठली होती. तुम्ही गेलात तर मला नोकरी सोडावी लागेल. ते कव्हर काढा आधी."

थोरलीनं नाक पुसलं, उठली आणि कव्हर काढलं. तेवढ्यात फोनमधून गुरू हळूच म्हणाला, "मी काय म्हणतो, जुनी काढूच नकोस. परत आण. दोघींना राहू दे. कुठल्या कामाला कुणाकडे जायचं, तेवढं फक्त लिहून दे."

"हे आम्हाला आधीच माहीत होतं," धाकटी म्हणाली.

धाकट्यानं जुनी जावा परत आणली. दोघींची घरं दोन ठिकाणी नीट लिहून दिली. मागे मशीन खडखडत होती. एकेक करून लाल ओळी गेल्या आणि ॲप तयार झालं. त्यानं अक्षरं मोठी केली, चांगली तिप्पट, पुन्हा तक्रार नको म्हणून. वहिनीच्या फोनमध्ये ॲप टाकलं, नोंदी भरल्या, आणि बेल वाजली.

दारात तेच कॉलरवाले आजोबा उभे होते. धाकट्यानं फोन वहिनीच्या हातात असा दिला, जणू ढालच देतोय. तिनं आजोबांच्या शर्टाचा फोटो उघडला. चष्मा वर केला, खाली केला, फोन लांब धरला.

"काय दिसतंय?" धाकट्यानं विचारलं.

"क," थोरली म्हणाली.

"क?"

"नुसता क. पुढचं काही मावत नाही. कंबर की कॉलर, ते काही कळत नाही."

धाकटीनं जीभ चावली. "ताई, सकाळी तुम्ही दिसत नाही म्हणालात म्हणून निघताना मी तुमच्या फोनची अक्षरं मोठी करून दिली होती ना, सेटिंगमधून? ती त्यावर आणखी मोठी झाली असणार."

"फोनमध्येच सोय असते?" धाकट्यानं विचारलं. त्याचा आवाज फार लांबून आला.

"असते की. सगळ्याच फोनमध्ये असते." तिनं फोन घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं आणि परत दिला. आता 'कॉलर' अगदी स्वच्छ दिसत होतं.

"सकाळीही एवढंच होतं का गं?" थोरलीनं मशीनला दोरा ओवत विचारलं. "किती वेळ लागला होता तुला?"

"दोन मिनिटं," धाकटी नवऱ्याकडे बघत म्हणाली. "खरीखुरी."