पुंजाजीचं पाखरू

विहिरीवरून परतताना गोजराबाई रोज समोरच्या उदयसिंगाच्या ओट्यापाशी थबकायची, आणि घरात बसलेल्या तिच्या नवऱ्याचा, पुंजाजीचा, तिळपापड व्हायचा. ओट्यावर पिंजरा टांगलेला होता. आत ‘लाल’ नावाचं अंगठ्याएवढं लालभडक पाखरू, अंगावर पांढरे ठिपके, डाव्या पायाचं एक नख तुटकं. भादव्यात ते असं गायचं की गोजराबाईला डोक्यावरच्या घागरीचा विसर पडायचा. पुंजाजीही भजनात गायचा. पण तेव्हा तिला हमखास झोप यायची.

"एवढं काय आयकून राह्यली व्हती?"

"लाल गाते ना! काय गोड गळा हाय त्याचा!"

पुंजाजीच्या पोटात दुखू लागलं. त्यानं आपली गाभण बकरी उदयसिंगाला देऊन पिंजराच घरी आणला. आता गोजराबाई घरात थांबायची आणि पुंजाजी मिशीला पीळ देत गावभर हिंडायचा.

थंडी सरली तसा पाखराचा रंग उतरू लागला. चैत्रात ते पार मातकट झालं, गाणंही बंद. गोजराबाई पुन्हा उदयसिंगाकडे थबकू लागली, आता बकरीची करडं पाहायला. मग मात्र पुंजाजीला राहवेना. त्यानं पंच बोलावले.

"यानं मायं लाल बदललं! हे भलतंच पाखरू माया गळ्यात बांधलं!"

"थेच हाय, पुंजाजी," उदयसिंग म्हणाला. "उन्हायात रंग जाते त्याचा, पावसायात येते."

"पाखरू हाय का लुगडं, रंग जायले?"

सगळे हसले. म्हातारे पंच नानाजी म्हणाले, "नीट पाह्य. हे तुयं नाय?"

"नाय! बेलभंडारा उचलून सांगतो, हे मायं नाय!"

त्यानं खरोखरच देवापुढचा बेलभंडारा उचलून शपथ घेतली. कटकट नको म्हणून उदयसिंगानं करडांसकट बकरी परत केली आणि पाखरू ठेवून घेतलं. त्या दिवशी पुंजाजी दोन भाकरी जास्त जेवला.

श्रावणात एका सकाळी समोरून ओळखीचा गळा ऐकू आला. पुंजाजी धावत गेला. पिंजऱ्यात लालभडक पाखरू, अंगावर ठिपके, डाव्या पायाचं नख तुटकं.

"हे तं मायं पाखरू!"

ओट्यावर नानाजी चहा पीत बसले होते. "बेलभंडारा उचलून काय म्हनला व्हता तू?"

तेवढ्यात गोजराबाई घागर घेऊन आली आणि पिंजऱ्यापाशी थबकली.

"घरी चाल," पुंजाजी कसाबसा म्हणाला.

"तुमी व्हा पुढं. बकरी वरडून राह्यली, तिले जरा भजन आयकवा."