वैशाखातली काडी

जगात प्रत्येक कृतीला नेमलेला मुहूर्त असतो, आणि तो चुकवणाऱ्याला निसर्ग क्षमा करीत नाही, असे आमचे शेजारी लांजेवार काका सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, विषय लग्नाचा किंवा मरणाचा असावा. विषय क्रोटनचा असे.

जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये त्यांची आमची भिंत एक होती. काकांच्या कुंपणाला क्रोटन, तगर, कण्हेर आणि कोपऱ्यात दुहेरी पाकळ्यांची गुलाबी जास्वंद. कुणी लावायला काडी मागितली की काका आधी आभाळाकडे पाहत, मग त्या माणसाकडे. दोन्हींकडे सारख्याच संशयाने.

"मृग लागला का? नाही ना? मंग काहून आले?"

मृगापासून पोळ्यापर्यंत काडी मिळे. पेन्सिलीएवढी जाड, कोंबाच्या डोळ्याखाली तिरपी कापलेली. त्यानंतर येणाऱ्याला "पोळा झाला, काडी मेली" एवढे ऐकून परतावे लागे. साहेबांच्या बायकोलाही त्यांनी हिवाळ्यात परत पाठवले. तिने आणलेली रिकामी कुंडी मात्र ठेवून घेतली.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो मे महिन्यात. फॅक्टरीच्या बसमध्ये कुणाचे गाव कुठे गेले यावर घनघोर चर्चा चालू होती. काका खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "हे काय फांदी तोडाची वेळ आहे का जी? सुकते आता."

गोंदिया सुकला नाही. काकांनी त्याची दखल घेतली नाही.

काकू दारात तांदूळ निवडत हे सगळे ऐकत. "झालं भाषण? मंग कुकर उतरवा," हा त्यांचा ठरलेला समारोप.

पुढे काका निवृत्त झाले. मे संपायच्या आत क्वार्टर सोडायचे होते. तिथे येणाऱ्या गृहस्थांनी आधीच येऊन सांगितले, हे झाडझुडूप काढून मी स्कूटरला शेड घालणार. क्रोटन-तगरीचे काही नव्हते, ती कुठेही मिळतात. जास्वंद मात्र काकूंनी लग्न झाल्यावर दिघोरीहून, माहेरच्या अंगणातून आणली होती. तिथले मूळ झाड घर वाढवताना केव्हाच गेले होते.

"एखादी काडी सोबत घ्या ना," मी म्हणालो.

"वैशाखात?" मी तेरवीला बँड सुचवल्यासारखे काकांनी पाहिले. "मरते ते. तिले उगाच आस लागन, आन् हे मरन."

'तिले' म्हणजे काकूंना, हे मला जरा उशिरा कळले.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, काका मागच्या दाराने आमच्याकडे आले. बनियनच्या आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली जास्वंदीची काडी होती. स्वतःच्याच कुंपणातली चोरी.

"वेळ नाही याची, मले मालूम आहे," ते हळूच म्हणाले. "तुमच्या कूलरखाली ठेवा, तिथं गारवा राहते. जगली तं तिले सांगू. मेली तं कोनं तोडलीच नव्हती. कायले दोनदा रडवाचं तिले?"

काप मात्र तिरपा होता.

ते दोघे भंडाऱ्याला राहायला गेले. मी रोज कूलरखाली वाकू लागलो. एकेक करत सगळी पाने गळली. मी काकांना काय सांगायचे याची तयारी करत होतो, तेवढ्यात सालीतून एक हिरवा डोळा वर आला. मी कुंडी पिशवीत घातली आणि बस पकडली.

काकांनी डोळा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग खुर्चीत असे टेकले की जणू निवृत्त आत्ताच झाले.

"अवं, बाहेर ये," त्यांनी हाक मारली. "दिघोरी आली."

काकूंनी कुंडी हातात घेतली आणि पदराने तिच्या काठावरची धूळ पुसली.

मी हात धुवायला मागे गेलो. मोरीचे पाणी जाते तिथे जास्वंदीच्या काड्यांची ओळच्या ओळ उभी होती, एकूणएक पालवलेली. काकू मागोमाग आल्या.

"निघतानी तोडल्या आन् खुपसल्या," त्या कुजबुजल्या. "मी तं दरसाल उन्हायातच लावते. तुमच्या काकाले सांगू नका बाप्पा. मृग लागला म्हंजे मीच सांगन, आजच लावल्या म्हणून."

आता त्या घराच्या कुंपणाला गुलाबी जास्वंदीची दाट रांग आहे. काकांची काडी तेवढी अजून फुलली नाही. काका म्हणतात, वेळ चुकली होती.