काठ वहिनींना, अस्तर मला

आमच्या शेजारचे रंगनाथशेठ मफिन कात्रीनं कापतात.

सुरीनं नाही, चमच्यानं नाही, हातानं तोडून तर मुळीच नाही. कापडाच्या दुकानात ती लांब, काळ्या मुठीची कात्री असते ना, ती. आधी लोखंडी मीटरपट्टी मफिनवर आडवी धरतात, एक डोळा मिटून बघतात, अंगठ्याच्या नखानं खूण करतात आणि मग एका दमात कात्री चालवतात. चुरा पडत नाही. पडलाच तर शेठ दिवसभर खाली मान घालून वावरतात.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मफिन म्हणजे कागदाच्या वाटीत फुगवलेला केक. साध्या बेकरीतला मुठीत मावतो. शेठ आणतात तो शहराबाहेरच्या ठोक मालाच्या दुकानातून, जिथं लोक पोत्यानं साखर आणि पिंपानं तेल घ्यायला जातात. तिथला एकेक मफिन पाणी प्यायच्या तांब्याएवढा. वरचा भाग कागदाबाहेर सांडून छत्रीसारखा पसरलेला, कडेला खरपूस. खोक्यात सहा असतात, सुटा मिळत नाही. आणि तुम्हाआम्हाला तिथं आत सोडत नाहीत, दुकानदाराचं कार्ड लागतं. शेठचं गुलमंडीतलं कापडाचं दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली, पण कार्ड अजून चालतं. शेठ ते शर्टाच्या खिशात ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. माझी जळजळ त्या खिशापासूनच सुरू होते.

शेठ मूळचे सोयगावकडचे. शेती भावांकडं सोडून सोळाव्या वर्षी गुलमंडीत आले, दुसऱ्याच्या दुकानात कापडाची थानं उचलली आणि पुढं स्वतःची गादी टाकली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "दिवसाला शंभर बाया दुकानात यायच्या, साहेब. एकीला पसंत केलं असतं तर बाकीच्या नव्व्याण्णव समोरच्या दुकानात गेल्या असत्या."

सिडकोतल्या आमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी दहाला ते आपल्या ओट्यावर पांढऱ्या चादरीची गादी टाकतात, खोका पुढ्यात ठेवतात आणि बसतात. मग गल्ली जमते. आपापला चहा घेऊन जमते, कारण शेठच्या घरी चहा होत नाही. "कप कडंला धरा," एवढंच ते बजावतात. "मालाला डाग नको."

तिथली एक रीत आहे. कुणीतरी "दाखवा" म्हणेपर्यंत खोका उघडत नाही. समोर नवीन राहायला आलेले बँकेतले जोशी पहिल्या रविवारी संकोचानं अर्धा तास गप्प बसले. त्यांच्याकडं बघून बाकीचेही गप्प, शेठही गप्प. चहा निवले. शेवटी माझी बायको सुलभा म्हणाली, "शेठ, दाखवा की काहीतरी," तसे शेठ मांडी मोडून गुडघ्यावर आले.

"प्लेन दाखवू का गडद? हा पन्हा बघा, पन्हा. हात लावून बघा, लई मऊ पोत आहे. घ्यायचं नसलं तरी बघा, बघायला काय लागतं?"

मफिनची रुंदी त्यांच्या लेखी पन्हा, आणि ब्लूबेरीचा मफिन बुट्टीवाला. अक्रोड घातलेला म्हणजे जरीकाम. कापलेला तुकडा म्हणजे कटपीस. वरचा खरपूस भाग काठ, आणि खाली कागदाला चिकटून राहिलेला ओलसर भाग म्हणजे अस्तर.

माझं दुखणं इथंच आहे. तीन वर्षं झाली, मला अस्तर मिळतं.

"शेठ, आज मला काठ द्या की."

"काठ वहिनींना. तुम्हाला अस्तर."

"का म्हणून?"

"तुमचं माप बघा, साहेब. तुमच्यावर काठ उठून दिसणार नाय."

गल्ली हसते. सगळ्यात जास्त सुलभा हसते, आणि मग माझ्या शेजारी बसून, डोळे मिटून, कुरकुर आवाज करत तो काठ खाते. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान फार थोड्या वेळा पाहिलंय, आणि त्यातलं एकही माझ्यामुळं नव्हतं.

आता माझी बाजू ऐका. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. ठोक माल म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. माझा ओटा शेठच्या ओट्याहून मोठा आहे, त्यावर झोपाळा आहे, वर पंखा आहे. आणि रविवारी तिथं कोण बसतं? मी आणि वर्तमानपत्र. बायकोसुद्धा कप घेऊन शेजारी.

एके दिवशी मी आमच्या कँटीनच्या सलीमभाईंना गाठलं. त्यांच्याकडं ते कार्ड आहे हे मला ठाऊक होतं.

"सलीमभाई, मला एकदा आत न्याल का?"

"चलो साहब, उसमें क्या है. लेना क्या है लेकिन?"

"मफिन."

सलीमभाईंनी आवाज खाली आणला. "भाभी रूठे क्या?"

शनिवारी आम्ही दोघं गेलो. दोन खोके, बारा मफिन. संध्याकाळी मी घरोघर निघालो, लग्नाची पत्रिका वाटावी तसा. प्रत्येक दारात एक.

"अख्खा?" जोशीबाईंनी दोन्ही हात पुढं करत विचारलं.

"अख्खा. काठ, अस्तर, सगळं तुमचंच. कात्रीबित्री काही नाही."

एक शेठनाही दिला. कबूल करतो, त्यांचा चेहरा बघायला मिळावा म्हणूनच दिला. त्यांनी मफिन तळहातावर घेतला, वितीनं मोजला आणि म्हणाले, "माल चांगला आहे, साहेब." बस्स. दार लावून घेतलं.

उरलेल्या मफिनचा काठ मी स्वयंपाकघरात उभ्यानं खाल्ला. वाटलं होतं तेवढा काही लागला नाही, पण हे मी सुलभाला सांगितलं नाही.

रविवारी दहाला शेठनी गादी टाकली. साडेदहा झाले. अकरा झाले. कोण येणार? प्रत्येकाच्या घरात अख्खा मफिन होता. मी झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्राच्या कडेनं सगळं बघत होतो. शेठनी मीटरपट्टी धोतराच्या सोग्यानं पुसली. चादरीची सुरकुती काढली. परत काढली. बाराला गादी गुंडाळून आत गेले. माझ्या झोपाळ्यानं त्या दिवशी जे झोके घेतले ते आठवून आजही मजा वाटते, म्हणजे वाटायची.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा वाटले. रविवारी पुन्हा शेठची गादी रिकामी. सुलभा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"जिंकलात तुम्ही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. दोन रविवार झाले, आपल्या ओट्यावर कोण आलं ते तेवढं सांगा."

मी गल्लीभर नजर फिरवली. सगळी दारं बंद होती. लोकांनी फाटकात मफिन घेतला, थँक्यू म्हटलं आणि आत जाऊन खाल्ला. मला बसायला कुणी बोलावलं नव्हतं, आणि माझ्याकडं बसायला कुणी आलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मी कुठं गेलो नाही. रविवारी दहाला शेजारी नजर टाकली, तर ओटा रिकामा. गादीच टाकली नव्हती. सव्वादहाला मी वर्तमानपत्राची घडी केली आणि शेठच्या घरात शिरलो.

शेठ बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. समोर स्टुलावर तीन खोके, एकावर एक. तिन्ही न उघडलेले.

"हे काय, शेठ?"

"माल आहे."

"मग उघडला का नाही?"

"कुणी दाखवा म्हटलं नाय." ते हे साध्या आवाजात म्हणाले, दुकानाची वेळ सांगावी तसं. "म्हटल्याशिवाय थान उघडत नाय मी. चाळीस वर्षांत उघडलं नाय."

खालच्या खोक्याच्या प्लास्टिकच्या खिडकीतून आतल्या मफिनांवर धरलेली हिरवट लव दिसत होती. माझी नजर तिथं गेलेली बघून ते म्हणाले, "तो रंग विकायचा नाय."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"शेठ, ते मफिन वाटायचं मी..."

"वाईट नाय केलं तुम्ही. नवीन धंदा, थोडं चुकतं." त्यांनी वरचा खोका मांडीवर घेतला. "अख्खं थान दिलं की गिऱ्हाईक उठून घरी जातं, साहेब. कटपीस निवडायला बसावं लागतं. एक म्हणतं हा, दुसरं म्हणतं तो, तिसरं म्हणतं भाचीला कोणता शोभंल. तासभर हलत नाय कुणी. मी दुकान कटपीसवर चालवलं. थानावर नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा एकटा माणूस दर आठवड्याला एकट्यानं न संपणारा खोका का आणत होता, ते.

मी उठलो. कोपऱ्यातली गादी उचलून ओट्यावर टाकली. चादर माझ्याच्यानं नीट बसेना, शेठनी दोन झटक्यांत बसवली. मग मी गिऱ्हाइकासारखा गादीच्या कडेला टेकलो.

"शेठ, काय नवीन आलंय? दाखवा."

शेठनी खोका उघडला. मीटरपट्टी आली, कात्री आली, एक डोळा मिटला. "बुट्टीवाला आहे. पन्हा बघा." कात्री चालली. चुरा पडला नाही. काठ अख्खाच्या अख्खा सुटून त्यांच्या तळहातावर आला, कडेला खरपूस, मधे दोन निळ्या बुट्ट्या. गल्लीत आज कुणाच्याच घरी मफिन नव्हता. ओट्यावर मी एकटा गिऱ्हाईक. मी हात पुढं केला.

शेठनी माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या पोटाकडं.

"वहिनी येतीलच," ते म्हणाले आणि काठ खोक्याच्या झाकणावर बाजूला ठेवला. "तुम्ही तोवर हे अस्तर घ्या."

फाटक वाजलं. सुलभा कप घेऊन उभी होती, तिच्या मागं जोशीबाई, त्यांच्या मागं जोशी, त्यांच्याही हातात कप. शेठनी माझ्याकडं पाठ केली आणि गुडघ्यावर आले.

"या, या. बसा. काय दाखवू?"

मी अस्तर खात होतो. सुलभानं काठ उचलला आणि डोळे मिटले. पोटात पुन्हा ती जुनी जळजळ सुरू झाली, आणि मला लई बरं वाटलं.