मेंढी आली परत

“मी आत्ताच सांगून ठेवतो, मी हॉर्न वाजवणार नाही,” क्लेम थर्मासच्या झाकणात तोंड घालून पुटपुटला. “मेलो तरी नाही.”

“मेल्यावर कोण सांगतंय वाजवायला,” कोराली म्हणाली. “कोपर काढ आधी. माझ्या सॉसेज रोलमध्ये गेलंय.”

मागे माल टाकायला उघडी जागा असलेल्या त्यांच्या जुन्या युट गाडीत पुढचा एकच सलग बाक होता. त्यावर नवरा, बायको आणि मधे जिंजर नावाची मेंढ्या हाकणारी कुत्री, अशी तिघं दाटीवाटीनं बसली होती. ऑस्ट्रेलियातला जून, म्हणजे ऐन हिवाळा, संध्याकाळचे सहा, आणि अंधार पडून थंडी अशी की काचा खाली करायची कोणाची छाती होत नव्हती. समोर मुलिगन्स वेल गावच्या ड्राइव्ह-इनचा, गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या मैदानाचा, पांढरा पडदा, मागे चाळीसेक गाड्या. सगळं गाव आलं होतं.

हॉर्नचं असं आहे की हिवाळ्यात काचा वर असतात. माणूस आपल्या गाडीत कितीही खिदळला तरी शेजारच्या गाडीला पत्ता लागत नाही. म्हणून हसू आलं की हॉर्न वाजवायचा, ही इथली रीत. गालात हसलात तर एकदा, पोट धरून हसलात तर दोनदा. रडू आलं तर मात्र ज्याचं त्यानं बघून घ्यायचं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच गावात ‘मेंढी गेली उडत’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग झालं. मेंढीला फुगे बांधून शर्यत जिंकू पाहणाऱ्या दोन येड्यांची गोष्ट. एका येड्याचं काम करणारा शहरातला नट आदल्या दिवशी गावच्या पबमधली कोळंबी खाऊन आडवा झाला, आणि मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या क्लेम ट्रेगेन्झाला धरून उभा केला. त्यानं काय केलं? तर मेंढ्यांना औषधात बुचकळून काढायच्या हौदात तो पाठमोरा पडला. बस, एवढंच. पण तेव्हापासून दर जूनमध्ये ड्राइव्ह-इनला तोच सिनेमा लागायचा, क्लेम हौदात पडला की चाळीस गाड्या एकदम बोंबलायच्या, आणि क्लेम खिडकीतून हात हलवायचा.

आता त्याच क्लेमच्या मुलीनं, तामसिननं, त्या सिनेमाचा दुसरा भाग काढला होता. तीन वर्षं ॲडलेडला भाड्याच्या खोलीत राहून, लग्नांचे व्हिडिओ काढून. नाव ‘मेंढी आली परत’. आणि अजून कोणी पाहिलाही नव्हता, तोवर अख्ख्या गावाचा निकाल लागून गेला होता. खाटीक खिमा बांधताना म्हणाला, “छानच असेल गं, पण पहिल्याची सर नाही यायची.” वाचनालयातली बाई म्हणाली, “पहिला तो पहिलाच.” डॉक्टरनं तर धनुर्वाताची सुई टोचता टोचता ऐकवलं. क्लेमच्या कानावर जावं म्हणून प्रत्येकजण जरा मोठ्यानंच बोलायचा. क्लेमचं मन मोडायला कोणीच तयार नव्हतं.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी तामसिन धावत युटपाशी आली. डोक्यावर लोकरीची टोपी, तोंडातून वाफा. कोरालीनं बोटभर काच खाली केली.

“बाबा, आवडला तर एकदा तरी वाजवशील ना? प्रोजेक्टरच्या खोलीत मला बाकी काही ऐकू येत नाही. नुसते हॉर्न.”

क्लेमनं वायपरकडे बघितलं. “बघू.”

“बघू काय, बाबा!”

“तुझा प्रोजेक्टर तापलाय तिकडे, जा.”

ती गेली. कोराली म्हणाली, “शेंबडी होती तेव्हापासून तिला कधी कशाला नाही म्हणाला नाहीस. शाळेच्या नाटकात झाड झाली होती तर उभा राहून टाळ्या वाजवल्यास. आणि आज एक हॉर्न जड झाला?”

क्लेमनं स्टिअरिंगच्या चक्राच्या मधोमध असलेलं हॉर्नचं झाकण अंगठ्यानं हळूच दाबून बसवलं. दुपारी तो तासभर गॅरेजमध्ये होता, तो याचसाठी. चुकूनही हात लागून वाजू नये म्हणून त्यानं हॉर्नची वायरच सोडवून ठेवली होती. इन्सुलेशन टेप संपली होती, म्हणून उघड्या टोकाला टाचेच्या फोडावर लावायची पट्टी गुंडाळली होती. गुलाबी, भोकाभोकाची.

सिनेमा सुरू झाला. गाड्यांच्या रेडिओंतून आवाज येऊ लागला. पहिली दहा मिनिटं गाव गप्प. म्हणजे हसू येत होतं, पण क्लेमच्या आधी वाजवायचं कसं? पुढच्या रांगेतल्या त्या युटकडे सगळे डोळे लावून बसले होते.

मग पडद्यावर अंत्ययात्रा आली. पहिल्या भागातला म्हातारा मेंढपाळ वारला होता. पाद्री बोलत होता, बायका डोळे पुसत होत्या, आणि मागच्या टेकडीवरून मेंढ्यांचा एक कळप चालला होता, वाट चुकल्यासारखा, डावीकडे.

हे डावीकडे जाणं जिंजरला बघवेना. तिनं भुंकून जी झेप घेतली ती थेट चक्रावर. झाकण उडालं, पट्टी सुटली, वायर लोखंडाला चिकटली.

पोंSSSSSSSSSS!

पडद्यावरचा पाद्री दचकला असता, तर त्याचंही कोणाला नवल वाटलं नसतं.

“क्लेम!” कोराली किंचाळली. “अरे, मयत आहे ती!”

“मी नाही! कुत्री आहे!”

“मग थांबव तिला!”

पण जिंजर कधीच बाजूला होऊन अंग चोरून बसली होती, आणि हॉर्न चालूच. मागच्या गाड्यांतली माणसं सुन्न. क्लेम ट्रेगेन्झा मयतीला हसला? तोसुद्धा इतका? शेजारच्या गाडीत विल्मा हॉबडे होती, ड्राइव्ह-इन समितीची अध्यक्षीण. ती नवऱ्याला म्हणाली, “यात काहीतरी विनोद आहे, नॉर्मन. क्लेमला सिनेमातलं कळतं. वाजव.”

“पण मला तर रडू...”

“वाजव म्हणते ना!”

नॉर्मननं वाजवला. मग मागच्यानं वाजवला, मग त्याच्या मागच्यानं. दोन मिनिटांत चाळीस हॉर्न. पडद्यावर म्हाताऱ्याला खड्ड्यात उतरवताहेत आणि खाली लग्नाच्या वरातीसारखा गोंधळ. जिला पाच महिन्यांपूर्वी नवरा गेला होता, ती टपालवाली बाईसुद्धा डोळे पुसत पुसत वाजवत होती.

क्लेमनं वायर ओढायला हात घातला तर ठिणगी उडाली. तो खाली उतरला, बॉनेट उघडलं, बॅटरीशी झोंबू लागला. काय चाललंय ते दिसावं म्हणून मागच्या दोघा-तिघांनी दिवे लावले, आणि क्लेमची सावली पडद्यावर पडली. चार मजली क्लेम, पाद्र्याच्या डोक्यावर पाना उगारून उभा! गाव असं हसलं की काचा धुक्यानं भरल्या. शेवटी बॅटरीची तार निघाली. क्लेम मागच्या मागे जो गेला तो चिखलात बसला, अगदी पाठमोरा.

हॉर्न थांबले. तेवढ्यात तामसिन पळत आली. डोळे असे चमकत होते की कोरालीला बघवेना.

“बाबा! मयतीच्या सीनला? मला वाटलं होतं, मागचा तो वाट चुकलेला कळप कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही!”

कोरालीनं नवऱ्याकडे असं बघितलं की एखाद्याची जीभ टाळ्याला चिकटली असती. क्लेमनं ढुंगणाचा चिखल झटकला.

“वायर अडकली होती गं,” तो म्हणाला.

तामसिननं टोपी कानांवर ओढली आणि खाली मान घालून परत गेली.

“दगड आहेस तू,” कोराली म्हणाली. “नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. काय गेलं असतं तुझं?”

“खोटं वाजवायचं नव्हतं मला.”

“मयतीला मात्र चाललं.” ती सॉसेज रोलचा डबा उचलून तरातरा विल्माच्या गाडीत जाऊन बसली.

क्लेम युटमध्ये एकटा. म्हणजे तो आणि जिंजर. बॅटरी सुटलेली, त्यामुळे हीटर नाही, रेडिओ नाही, हॉर्न तर नाहीच. समोर मुकं चित्र हलत होतं. आणि गाव पुन्हा गप्प झालं होतं. वायरची गोष्ट खिडकीखिडकीतून मागच्या रांगेपर्यंत पोचली होती. क्लेम हसलाच नव्हता म्हटल्यावर आता वाजवणार कोण? अर्धा तास एक हॉर्न नाही. तिकडे खोलीत ती पोर नुसती मशीनची घरघर ऐकत बसली असणार, हे क्लेमला दिसत होतं.

मग पडद्यावर तो हौद आला. तोच. काठावर एक येडा, क्लेमसारखीच पट्ट्यापट्ट्यांची बनियन घातलेला. सिनेमातलं सगळं गाव टॉवेल घेऊन जमलेलं, आता हा पडणार म्हणून. तो काठावरून चालतो. पाय घसरतो, सावरतो. गाव पुढे वाकतं. तो शिंकतो, सावरतो. गाव आणखी वाकतं. तो आरामात पलीकडे पोचतो, वळून बघतो, तर गाव हौदात. सगळं. पाद्र्यासकट. आणि एक मेंढी काठावर उभी राहून टॉवेल चावतेय.

क्लेमच्या नाकातून चहा आला. त्यानं हसू दाबायला बघितलं, तर ते पोटातून दुसऱ्याच वाटेनं वर आलं. आवाज नाही, संगीत नाही, एक अक्षर ऐकू येत नाही, आणि माणूस चक्रावर डोकं आपटून हसतोय. त्यानं हॉर्न दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मग काच खाली करून त्यानं बाहेर तोंड काढलं आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, “पों! पों!”

विल्माच्या हातातला रोल गळाला. “कोराली, तुझा नवरा...”

तोवर नवरा पोचलाच होता. त्यानं नॉर्मनच्या खिडकीतून कोपरापर्यंत हात घातला.

“क्लेम! माझा हॉर्न आहे तो!” नॉर्मन ओरडला.

“उसना दे जरा!”

दोनदा. मग आणखी दोनदा.

सिनेमा संपला. चिप्सच्या खिडकीसमोर सगळे घोळक्यानं उभे राहिले, हातात गरम कागदी पुडे, नजर बुटांवर. तामसिन खोलीबाहेर आली. हाताची घडी.

“आता कोणाची वायर अडकली होती?” तिनं विचारलं.

मग विल्मा पुढे झाली. अध्यक्षीणच ती. तिनं आधी क्लेमकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि तोंडात साखर घोळवत म्हणाली, “छान होता हं, तामसिन. अगदी छान. पण आता आपलं, पहिल्याची सर काही...”

“पहिला भिकार होता, विल्मा,” क्लेम म्हणाला.

नॉर्मनची चिप तोंडाजवळच थांबली.

“अरे, असं काय बोलतोस?” विल्मा पुटपुटली. “तुझा सिनेमा...”

“माझाच. म्हणून तर सांगतोय. मी हौदात पडतो ते सोडलं तर त्यात काहीच नाही, आणि पडलो तोही मी खरोखरच पाय घसरून. अठ्ठावीस वर्षं तुम्ही हॉर्न वाजवता म्हणून मी हात हलवतो. पोरीच्या नशिबी तसले हॉर्न नको होते मला.” त्यानं नाकातला उरलेला चहा बाहीला पुसला. “हा मी आवाजाशिवाय बघितला, तामसिन. दुसरा चांगला आहे. फार चांगला आहे.”

सगळं गाव तोंड उघडं टाकून उभं राहिलं. तामसिनची हाताची घडी केव्हा सुटली ते तिलाही कळलं नाही.

“म्हणजे,” नॉर्मन हळूच म्हणाला, “आम्ही दरवर्षी तुला वाईट वाटू नये म्हणून हॉर्न वाजवत होतो, आणि तू आम्हाला वाईट वाटू नये म्हणून हात हलवत होतास?”