तुघलकाचा खुलासा

"सर, उद्या तुम्ही चाळीस मिनिटं गप्प बसायचं," हेडमास्तर म्हणाले.

नानासाहेब सरांना वाटलं, कोणी तरी मोठं माणूस गेलं असेल. "कोण गेलं?"

"कुणी नाय गेलं. साहेब येणारेत तपासणीला. आता नवीन पद्धत आलीय. इतिहासाची चर्चा पोरांनीच करायची, पोरांनीच चालवायची. मागच्या खेपेला तुम्ही अडतीस मिनिटं बोललात, साहेबांनी घड्याळ लावून मोजलं. उद्या बोललात तर तास काढून घेणार आणि तुम्हाला ग्रंथालय देणार."

ग्रंथालयाच्या दारावर 'शांतता राखा' अशी पाटी होती.

सरांची बायको साळूबाई जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून लासूर स्टेशनच्या त्या दोन खोल्यांत सरांशी बोलायला फक्त दूधवाला उरला होता, आणि तो दूध घालून लगेच निघून जायचा. दिवसाचं सगळं बोलणं सर नववी 'ब'च्या तासाला बोलून घेत. तो तास जाऊन चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते तोंडात लवंग धरून वर्गात गेले.

फळ्यावर विषय होता : 'राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, ते बरोबर की चूक?' साहेब शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. चर्चा चालवायला राजनंदिनी पुढे आली. तिची चुलती गावची सरपंच. राजनंदिनीने आयुष्यात एकच चर्चा पाहिली होती, ती ग्रामसभेची.

"मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात येत आहे," ती म्हणाली. मागील सभा झालीच नव्हती, पण कोणी हरकत घेतली नाही. "विषय क्रमांक एक. तुघलक हजर आहे का?"

"गैरहजर," अजिनाथ म्हणाला. तो लिहून घेत होता.

"नोटीस दिली होती?"

"अध्यक्ष, तो मरून लई दिवस झाले."

"मग त्याच्या वतीनं कोण बसणार?"

सगळ्या वर्गाने सरांकडे पाहिलं. सरांनी जोरात मान हलवली. तोपर्यंत त्यांची खुर्ची वर्गाच्या मधोमध आली होती.

पहिली उठली प्रांजली. तिच्या घरी दीडशे मेंढरं होती. "आमचा आजा मेंढरं हलवायच्या आधी दोन माणसं म्होरं धाडतो. पाणी कुठं, चारा कुठं, बघायला. तुम्ही अख्खी दिल्ली हलवली. आधी कुणाला धाडलं व्हतं का?"

सरांनी लवंग चावली. उत्तर त्यांना एकतीस वर्षं पाठ होतं.

"बोलत नाय. म्हंजी कबूल," प्रांजली म्हणाली. "लिही रे."

"म्हातारी माणसं कशी चालली?" तिने पुढे विचारलं.

सरांनी दुसरी लवंग तोंडात टाकली.

"कबूल," अजिनाथने लिहिलं.

"आन् मग परत कशाला नेली माणसं?"

"कबूल." अजिनाथने या वेळी वरसुद्धा पाहिलं नाही. सरांचे कान लाल झाले होते.

शेवटी साहेबांनाच राहवेना. ते उठले. "अरे, त्याने वाटेत सराया बांधल्या होत्या, झाडं..."

"साहेब, हात वर करा."

साहेबांनी हात वर केला.

"तुम्ही या वर्गाचे रहिवासी का?"

"नाही."

"मग मत मांडा. मतदान नाय करायचं."

साहेबांनी मत मांडलं. एकवीस मिनिटं मांडलं. मध्ये त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

घंटा व्हायच्या आत ठराव झाला. सूचक प्रांजली, अनुमोदक अजिनाथ : 'तुघलकाने (त्याच्या वतीने नानासाहेब सरांनी) सर्व प्रश्नांचा तोंडी खुलासा वर्गासमोर करावा. खुलासा पूर्ण होईपर्यंत त्यास हा वर्ग सोडता येणार नाही.' ठराव सर्वानुमते मंजूर झाला. साहेबांनी चर्चेचा पुरावा म्हणून खाली सही केली, शिक्का मारला आणि आपल्या वहीत शेरा लिहिला : 'शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत. उत्तम.'

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर नववी 'ब'वरून जाताना दारात थांबले. आत सरांचा आवाज चालू होता.

"सर! अहो, नवीन पद्धत!"

सरांनी ठरावाचा कागद पुढे केला. हेडमास्तरांनी तो वाचला, शिक्का नीट पाहिला, "बरं," म्हणाले आणि निघून गेले.

"मग म्होरं, सर?" प्रांजली म्हणाली. "पाणी कुठं लागलं?"

त्याला आता तीन आठवडे झाले. तुघलक अजून नर्मदेच्या पलीकडेच आहे.