फणसळकरबाईंची साडी तिसऱ्यांदा परत आली

आमच्या कऱ्हाडच्या स्टुडिओतून नेलेली वस्तू वर्षभर वापरली नाही, की ती आपली आपण परत येते. इंदू लाकडी ठशांनी कापड छापते, मी हाताने वह्या बांधते. या धंद्यात एवढं चालायचंच. वह्या सहसा सकाळी येतात. पहिल्या पानावर साधं नाव घालायचाही धीर न झालेल्या लोकांच्या असतात त्या. कुडते आणि साड्या एसटीच्या वेळा बघून निघतात.

परत आलेल्या वस्तूची रजिस्टरात नोंद होते आणि मालकाला बोलावून कारण विचारलं जातं. बहुतेक सगळे एकच कारण सांगतात, म्हणून इंदूने त्याचा ठसाच कोरून ठेवलाय: 'चांगली होती म्हणून ठेवून दिली.' तेवढाच वेळ वाचतो.

मंगळवारी साडेसातच्या गाडीने उंब्रजहून फणसळकरबाईंची साडी आली. निळी, काठाला पांढरी वेल, घडी जशीच्या तशी आणि डांबरगोळ्यांचा वास. कंडक्टरने तिला खिडकीची जागा दिली होती म्हणे. ही तिची तिसरी खेप. तिसऱ्या खेपेला साडी कापायची आणि तिच्यात वह्यांचे पुठ्ठे मढवायचे, असा नियम आहे. तो आम्ही केलेला नाही. त्यानंतर कपाटात जायला कापडच तयार होत नाही.

बाई दहाच्या गाडीने आल्या. आम्हा दोघींना त्यांनी पाचवीत भूगोल शिकवलाय, त्यामुळे इंदूने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

"बाई, कारण?"

"चांगली होती म्हणून..."

इंदूने ठसा उचलला.

"थांब गं. खोटं कशाला सांगू? केतकी मेलबर्नहून आली की तिला आणायला जाताना नेसायची होती. यंदा नक्की येते म्हणाली. तीन वर्षं म्हणतेय."

इंदूने ठसा खाली ठेवला. "या कारणाचा ठसा नाहीये, बाई. हाताने लिहावं लागेल."

"लिही मग. आणि नीट अक्षरात लिही."

इंदूने लिहिलं. मला फार वाईट वाटलं, पण मी कात्री आणली. मोठ्या आकाराच्या बारा वह्या निघाल्या असत्या.

बाईंनी साडीवर हात ठेवला. "केतकीने निवडलीय गं ही. जायच्या आदल्या दिवशी, इथेच, या टेबलापाशी. कापू नका."

"एकदाही घडी मोडली नाही, बाई," मी म्हटलं.

"अंगावर नेसलेली असली तरी कापता का?"

इंदूने रजिस्टर मागेपुढे चाळलं. "तशी वेळ अजून आलेली नाही."

"मग आता आली. आतली खोली रिकामी आहे ना?"

दहा मिनिटांनी बाई साडी नेसून बाहेर आल्या. ब्लाउज मरून रंगाचा होता आणि अजिबात जुळत नव्हता. येताना नेसलेली साडी त्यांनी पिशवीत कोंबली.

"प्रसंग काय लिहू?" इंदूने विचारलं. रजिस्टरात तसा रकाना आहे.

"प्रसंग कसला? बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचाय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. केतकीचाच व्हिडिओ कॉल होता. तिचं बोलणं आम्हालाही ऐकू येत होतं.

"आई, ती निळी नेसलीस? ती तर मी आल्यावर नेसणार होतीस ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "तू आली नाहीस. मंगळवार आला."

मग केतकीने पदर जरा जवळून दाखवायला सांगितला. बाईंनी दाखवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोन ठेवून त्यांनी डोळे त्याच पदराने पुसले आणि बँक बंद व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून निघाल्या.

मी कात्री जागेवर ठेवली. इंदूने प्रसंगाच्या रकान्यात 'मंगळवार' असं लिहिलं आणि दुपारी त्या शब्दाचा ठसा कोरायला घेतला. अक्षरं उलटी कोरावी लागतात, त्यामुळे वेळ लागतो.