गाडी झोपून बघणारे धोंडूभाऊ

विकाऊ मोटार बघायला गेलं की माणूस काय करतो? बॉनेट उघडतो, टायरला लाथ मारतो, उगाच हॉर्न वाजवतो. आमचे धोंडूभाऊ यातलं काहीही करत नसत. ते मागचं दार उघडायचे, वहाणा काढून रस्त्यावर नीट जोडीनं ठेवायचे, टोपी छातीवर घ्यायचे आणि गाडीत उताणे पडून डोळे मिटायचे. महाडच्या भर बाजारात! गाडीच्या मालकाला क्षणभर वाटायचं, म्हातारा गेला. तेवढ्यात आतून हुकूम सुटायचा, "हां, चालवा आता. खड्ड्याखड्ड्यानं चालवा."

हे लोढणं मी माझ्या हातानं गळ्यात बांधून घेतलं होतं, म्हणून माझा संताप जास्त.

माझं महाडला कापडाचं दुकान. पोलादपूरच्या बाजाराला गाठी न्यायच्या तर बैलगाडी, नाहीतर मिळेल ती लॉरी. मी पोचेपर्यंत माझा चुलतभाऊ, तोही कापडवालाच, निम्मा बाजार उरकून विडा चघळत बसलेला असायचा. माझ्याकडे बघून हसायचा, ते वेगळंच. तेव्हा लग्नसराईच्या आत एक स्टेशन वॅगन घ्यायचीच, असं मी ठरवलं. पुढे माणसं, मागची सीट पाडली की गाठी. नवी परवडणार नव्हती. जुनी घ्यायची तर पारखणारा माणूस हवा.

धोंडूभाऊ माझं जुनं गिऱ्हाईक. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत त्यांची भातशेती. तरुणपणी मुंबईला मोटारींच्या गॅरेजात काही वर्षं काढलेली. गिऱ्हाईक म्हणूनही हा माणूस विक्षिप्तच. बायकोसाठी लुगडं घ्यायला यायचे, पण काठ बघत नसत, रंग बघत नसत. सदरा वर करून लुगड्याचं टोक स्वतःच्या उघड्या पाठीवर घासायचे आणि म्हणायचे, "टोचतंय. दुसरं दाखवा." दुकानात बायका बसलेल्या असायच्या! त्या तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मी दुसरा गठ्ठा काढायचो. अशा माणसाला मी गाडी पारखायला नेलं, यात माझ्या अकलेचा हिशोब आला.

पहिली गाडी घाटरस्त्याच्या एका कंत्राटदाराची. काय गाडी होती! रंग झकास, इंजिन पहिल्या झटक्याला सुरू. मी मनातल्या मनात तिच्यात गाठी भरूनही टाकल्या. धोंडूभाऊ मागे आडवे झाले. सावित्रीच्या काठानं एक फेरी झाली आणि हे डोळे चोळत, खोकत बाहेर आले.

"धूर हाय!" ते कंत्राटदारावर डाफरले. "मागलं दार नीट बसत नाय. सायलेन्सरचा सगला धूर आत वढतंय. आन स्प्रिंगचे पाटे पार बसल्यात. खडी वायली काय रे हिच्यातून?"

"भाऊ," मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "मला कापड न्यायचंय. कापडाच्या गाठी खोकत नाहीत."

"मानूस खोकतो."

"आणि इंजिन? इंजिन बघितलंत का तुम्ही?"

"दुरुस्त व्हतं त्ये मी तपासत नाय," असं म्हणून ते वहाणा घालून चालते झाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य: जे दुरुस्त करता येतं, ते बघायचं नाही. ब्रेक? दुरुस्त व्हतं. दिवे? दुरुस्त व्हतं. म्हणजे मोटारीत जे जे म्हणून बघायचं असतं, ते सोडून हा माणूस सगळं बघायचा. मी विचार करत बसलो आणि ती गाडी माझ्या चुलतभावानं उचलली. रोज सकाळी माझ्या दुकानावरून हॉर्न वाजवत न्यायचा.

दुसरी गाडी एका निवृत्त मामलेदारांची. या खेपेला धोंडूभाऊ वाडीवरून येताना पितळी तांब्या घेऊन आले. तो काठोकाठ भरून घेतला, गाडीत उशाशी ठेवला आणि आडवे झाले. मामलेदारसाहेब स्वतः चालवत होते. चवदार तळ्याकडच्या वळणावर तांब्या कलंडला आणि सगळं पाणी साहेबांच्या गादीवर.

"माझी गाडी आहे की पाणपोई?" साहेब कडाडले.

चूक झाली असं दोन शब्द बोलायचं की नाही? छे! हे साहेबांवरच उखडले. "लाज नाय वाटत असली गाडी इकाया? मागं निजलेल्या मानसाची हाडं खिळखिळी व्हतील. आन तळाची फळी कुजलेली. पावसाचं पानी खालनं येतंय. बगा, हात घालून बगा!"

मामलेदारांनी हात घातला नाही. आम्हाला दोघांना हाकलून मात्र दिलं. महाडात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. लोक मला विचारायला लागले, "काय शेठ, गाडी घेताय की पलंग?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिकडे लग्नसराई निम्मी सरली होती.

तिसरी गाडी पोलादपूरच्या एका कोळसेवाल्याकडे असल्याचं कळलं. धोंडूभाऊंना पत्ता लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. जाऊन बघतो तर हे माझ्या आधी हजर, तांब्यासकट. गाडी म्हणजे नुसती कळा गेलेली. रंग उडालेला, इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकत होतं. धोंडूभाऊ आडवे झाले. कोळसेवाल्यानं कशेडीच्या रस्त्यानं थोडं पुढे नेऊन परत आणली. गाडी थांबली तरी हे उठेनात. तांब्यातलं पाणी होतं तेवढं होतं.

"ही घ्या," ते डोळे मिटूनच म्हणाले.

"अहो, इंजिन ऐकलंत का?"

"दुरुस्त व्हतं त्ये..."

आता मात्र माझा तोल गेला. कोळसेवाल्यासमोर मी ओरडलो, "पैसे माझे, धंदा माझा! माझा सगळा हंगाम तुम्ही बुडवलात! मला कापड न्यायचंय आणि तुम्ही मेल्यासारखे मागे झोपता! कशासाठी?"

मला वाटलं, आता हे दुप्पट आवाजात उखडणार. ते उठून बसले. टोपी हातात धरून बसले.

"शेट, आमची मंडली अंथरुनावर हाय, तुमाला म्हायत नाय," ते म्हणाले. "भाताच्या राबाला जाळाया टाळ-डहाळ्या तोडाया ऐनाच्या झाडावर चढली व्हती. खांदी मोडली. पाठीवर पडली. डोलीत घालून आमी तिला खाली रस्त्याला आनली. कुना सायबाची अशीच गाडी चालली व्हती. सायेब भला मानूस. मागलं सामान काढलं नि म्हनला, हितं निजवा. माजं टकुरं फिरलं. म्हनलं, माजी बायको काय भाताची गोन हाय, मागं टाकाया? पुढं बसवा तिला, मानानं बसवा. सायेब ओशाळला. सोता मागं गेला नि डायवरच्या बाजूची सीट तिला दिली. सगली वाडी बगत व्हती. मला लय बरं वाटलं."

कोळसेवाला दुसरीकडे बघायला लागला.

"म्हाडपत्तूर बसून आली. वरडली नाय, मी रागवंन म्हून. डाक्टर म्हनले, निजवून आनली आसती तर पुना पायावर चालली आसती." मग तांब्यातलं पाणी हळूहळू रस्त्यावर ओतत म्हणाले, "या रस्त्याला आमच्या वाडीवाल्यांनी हात केला तर थांबनारी गाडी तुमचीच आसनार ना? इंजिन दुरुस्त व्हतं, शेट."

मी गाडी घेतली. इंजिन दुरुस्त झालं.

मे महिन्यात मी ती गाडी घेऊन त्यांच्या वाडीखाली उभा राहिलो. वहिनींना माहेरी वरंधला जायचं होतं. पडल्यापासून त्यांनी माहेर बघितलं नव्हतं. डोली उतरली. मागे गादी घातली होती, वर माझ्याच दुकानातलं ते न टोचणारं लुगडं पसरलेलं. त्यांना आडवं निजवलं. मी धोंडूभाऊंसाठी पुढचं दार उघडलं.

"पुढं तुमी बसा," वहिनी म्हणाल्या. "मान हाय तो."

"पुरे झाला मान," म्हणून ते मागे चढले आणि त्यांच्या उशाशी मांडी घालून बसले.

महाड मागे पडलं. मग मला मागून वहिनींचा आवाज आला, "मी इसरले कवाच. तुमी पन इसरा की आता."

"गप पड गो," धोंडूभाऊ म्हणाले. मग एकदम माझ्यावर कडाडले, "शेट, खड्डा दिसत नाय काय तुमाला? डोळे हायत ना?"

रस्त्यावर खड्डा नव्हता. मी गाडी आणखी हळू केली.